सोलापुरातून बोलिंगच्या संघात: विशेष खेळाडूच्या घरच्यांनी काय करायचं

सोलापुरात "माझा भाऊ बोलिंग खेळतो" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "फास्ट टाकतो का स्पिन?" पार्क स्टेडियमच्या गावात दुसरं काय विचारणार म्हणा. मग मला हातवारे करून सांगावं लागतं. लांबलचक गुळगुळीत पट्टी, तिला लेन म्हणतात. टोकाला बाटलीच्या आकाराचे दहा पिन उभे. चेंडू जड, जमिनीवरून घरंगळत सोडायचा आणि पिन पाडायचे. एवढं सांगून झालं की समोरचा हमखास म्हणतो, "मग सोपंय की!" चेंडू सोडायची रेषा म्हणजे फाउल लाइन, तिथून पहिला पिन ६० फुटांवर आणि लेनची रुंदी जेमतेम साडेतीन फूट. एकदा टाकून बघा म्हणावं.

भाऊ सत्तावीस वर्षांचा आहे. त्याला मध्यम स्वरूपाची बौद्धिक अक्षमता आहे. मी त्याची मोठी बहीण आणि खेळातली त्याची जोडीदार. कुठूनतरी नंबर मिळवून आई-वडील मला फोन करतात: "आमच्या मुलालाही खेळवायचंय, सुरुवात कुठून करू?" प्रत्येकाला जे तासभर सांगते, ते इथे एकदाचं लिहून ठेवते.

आधी कोणत्या दाराने जायचं ते ठरवा

पॅरालिम्पिक्स आणि स्पेशल ऑलिम्पिक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरकारी कचेरीतसुद्धा हा घोळ होतो, तेव्हा तुमचा झाला तर वाईट वाटून घेऊ नका. पॅरालिम्पिक्स मुख्यतः शारीरिक आणि दृष्टीच्या दिव्यांगत्वासाठी. बौद्धिक दिव्यांग खेळाडूंना तिथे अ‍ॅथलेटिक्स, पोहणं आणि टेबल टेनिस या तीनच खेळांत जागा आहे, आणि ती उच्च कामगिरीची स्पर्धा आहे. आपलं दार स्पेशल ऑलिम्पिक्सचं. युनिस केनेडी श्रायव्हर यांच्या पुढाकारातून १९६८ साली शिकागोत पहिली स्पर्धा झाली. भारतातलं काम स्पेशल ऑलिम्पिक्स भारत ही संस्था बघते. केंद्राच्या क्रीडा मंत्रालयाची तिला मान्यता आहे आणि महाराष्ट्रात तिची राज्य शाखा आहे.

स्पर्धेत उतरायला वय आठ वर्षं पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही, आणि फोनवर हे वाक्य मी दोनदा म्हणते. "आता काय, तो तिशीचा झाला" असं म्हणणारे वडील मला दर महिन्याला भेटतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये नवी दिल्लीत आशिया-पॅसिफिक विभागाची बोलिंग आणि बोचीची (हाही चेंडू घरंगळवायचाच खेळ) स्पर्धा झाली, ती बावीस वर्षं आणि त्यापुढच्या खेळाडूंसाठीच होती. बोलिंग हा धावण्याचा खेळ नाही. चाळिशीतला, पोट सुटलेला माणूसही यात चांगला खेळतो.

पात्रतेची अट बौद्धिक अक्षमतेची आहे. शिकण्यात आणि रोजच्या व्यवहारात, दोन्हीकडे मर्यादा हव्यात. सोबत शारीरिक दिव्यांगत्व असलं तरी चालतं. पण सेरेब्रल पाल्सी असून बुद्धी सर्वसाधारण असेल किंवा नुसती वाचन-लेखनाची अडचण असेल, तर हे दार नाही. स्वमग्न मुलांच्या बाबतीत दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर बौद्धिक अक्षमतेची नोंद आहे का, तेवढं बघा.

कागद

प्रत्यक्षात सगळीकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र मागतात. अर्ज स्वावलंबनच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, मग तपासणीला सरकारी रुग्णालयात जायचं. बुद्ध्यांकाची चाचणी मानसशास्त्रज्ञ घेतात. आंघोळ, जेवण, पैशांचा व्यवहार असे रोजचे प्रश्नही विचारतात. इथे आई-वडील एक चूक करतात. मुलाची लाज राखायला "सगळं येतं त्याला" म्हणून मोकळे होतात आणि दाखल्यावर टक्के कमी पडतात. काही जण उलट टोकाला जातात. खरं काय ते सांगा. लहानपणी काढलेला दाखला पुन्हा तपासून घ्यावा लागतो. अठरानंतरचा कायमचा धरतात.

आम्हाला एका कचेरीत तीन खेपा पडल्या. पहिल्यांदा साहेब रजेवर, दुसऱ्यांदा झेरॉक्सवर सही नाही. तिसऱ्यांदा टेबलामागच्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "ह्याला खेळवून काय करणार तुम्ही?" भाऊ शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "जिंकणार." शिक्का मिळाला.

मूल अठरा पूर्ण झालं असेल तर आणखी एक कागद लागू शकतो. अठरानंतर आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो. जिल्ह्यातल्या स्पर्धेला याची गरज पडत नाही. पण पुढे पासपोर्ट किंवा मोठ्या संमतीपत्राची वेळ आली की पळापळ होते, म्हणून हातासरशी करून ठेवा. मात्र मुलाला स्वतःची सही येत असेल तर खेळाडूच्या जागी त्यालाच करू द्या. वेडीवाकडी असली तरी.

नोंदणीच्या अर्जासोबत डॉक्टरांनी तपासून भरायचा वैद्यकीय फॉर्म असतो. फिट येत असतील तर गोळीचं नाव, वेळ आणि शेवटची फिट कधी आली, ते स्पष्ट लिहा. लपवलं तर मुलाला कोणी बाहेर काढणार नाही असं वाटतं, पण लेनवर फिट आली आणि प्रशिक्षकाला काही माहीतच नसलं तर हाल मुलाचेच. डाउन सिंड्रोम असेल तर मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असण्याची शक्यता असते. मान दुखणं, चाल बदलणं, हातापायांत मुंग्या किंवा अशक्तपणा अशी लक्षणं आहेत का, हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा. हृदयाचा जुना रिपोर्ट असला तर तोही बरोबर न्या.

आणि हो, स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये खेळाडू म्हणून नाव घालायला फी नसते. "एवढे भरा, राज्याच्या संघात घेतो" असं कोणी म्हटलं तर तिथून चपला घालून निघा.

संघ कुठे सापडतो

मूल विशेष शाळेत असेल तर सरळ पीटीच्या सरांना किंवा मुख्याध्यापकांना भेटा. बहुतेक नोंदण्या शाळांमार्फतच होतात. मुलं शाळेतून बाहेर पडली की खरी अडचण. अठरानंतर कोणी कार्यशाळेत जातं, कोणी घरीच टीव्हीपुढे. अशा वेळी जुन्या शाळेचं दार पुन्हा वाजवा. तिथे नाहीच जमलं तर राज्य शाखेला पत्र लिहून जिल्ह्यातला प्रशिक्षक कोण, हे विचारा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जायचं ते जागेसाठी. हॉल किंवा मैदानाची वेळ मिळाली तर तिथूनच.

बोलिंगचाच संघ तयार मिळेल अशी आशा धरून बसू नका. बहुतेकदा अ‍ॅथलेटिक्सचा किंवा बोचीचा संघ असतो. त्यातच शिरा. बोची हा बोलिंगचा मातीतला चुलतभाऊ समजा. एक छोटा चेंडू आधी टाकायचा आणि आपले चार चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ घरंगळवत न्यायचे. हाताची हालचाल जवळजवळ तीच. मैदानाची लांबीही ६० फूट, म्हणजे लेनइतकीच. वर्षभर बोची खेळलेला मुलगा लेनवर आला की निम्मं शिकून आलेला असतो.

चार घरं एकत्र आली की संघ होतो. बोलिंगमध्ये एकेरी, दुहेरी आणि चौघांचा संघ असे प्रकार आहेत. त्याखेरीज युनिफाइड म्हणजे मिश्र प्रकार: दुहेरीत एक विशेष खेळाडू आणि एक बौद्धिक अक्षमता नसलेला जोडीदार, संघात दोन आणि दोन. भाऊ-बहीण, शेजारचा कॉलेजातला मुलगा, मामेभाऊ, कोणीही जोडीदार होऊ शकतो. माझं मत विचाराल तर आई-वडिलांनी जोडीदार होऊ नये. त्यांना प्रत्येक चेंडूला सूचना दिल्याशिवाय राहवत नाही. मी बहीण असून मला जड जातं.

लेनशिवाय सराव

स्पर्धेआधी किमान आठ आठवडे सराव व्हावा लागतो. आठही आठवडे लेनचं भाडं भरणं कोणाला परवडतंय? आमचा नव्वद टक्के सराव गच्चीवर आणि घराच्या बोळात झालाय.

पाण्याच्या लिटरभराच्या दहा रिकाम्या बाटल्या घ्या. प्रत्येकीत तळाला चार बोटं वाळू भरा, नाहीतर वाऱ्यानेच पडतात. समोर एक, त्यामागे दोन, मग तीन, मग चार, अशा त्रिकोणात उभ्या करा. शेजारच्या दोन बाटल्यांत एक फूट अंतर, खऱ्या पिनांत तेवढंच असतं. चेंडू म्हणून खेळाच्या दुकानातला एक किलोचा मेडिसिन बॉल चालतो. नंतर दोन किलोचा घ्या.

मागे चेंडू अडवायला काय? आम्ही फळी लावून पाहिली, आवाजाने खालचे काका वर आले. मग दोरीवर जुनी सोलापुरी चादर टाकली, खालची कड जमिनीवर हातभर लोळू दिली. चेंडू तिच्यात जाऊन धप्पकन बसतो आणि तिथेच राहतो. गावाने एवढ्या चादरी विणल्या, त्यातली एक खेळाला. खाली सतरंजीही अंथरा, काका पुन्हा येणार नाहीत.

सुरुवातीला दहा फूट अंतर पुरे, मग पंधरा. साठ फूट जागा नाही म्हणून अडून बसू नका. खऱ्या लेनवर फाउल लाइनच्या पुढे साधारण पंधरा फुटांवर सात बाण काढलेले असतात. कसलेले खेळाडू पिनांकडे बघत नाहीत, बाणाकडे बघतात. चेंडू ठरलेल्या बाणावरून गेला की पुढचं काम लेन करते. म्हणून गच्चीवर खडूने सात बाण काढा आणि मधल्यावरून चेंडू न्यायला शिकवा. आमच्या आईने पहिल्या दिवशी रांगोळीने काढले. छान दिसले, पण तिसऱ्या चेंडूला पुसले गेले.

आता लाल पट्टी. फाउल लाइन म्हणून जमिनीवर लाल चिकटपट्टी लावा. चेंडू सोडताना किंवा सोडल्यावर पाय तिच्यापुढे गेला तर त्या चेंडूवर पडलेल्या पिनांचा शून्य. नव्या मुलांचे सर्वांत जास्त गुण इथे जातात, कारण चेंडू सुटला की त्याच्यामागे धावावंसं वाटतंच. भाऊ महिनाभर धावत होता. शेवटी सरांनी, म्हणजे आमच्या प्रशिक्षकांनी, युक्ती काढली. पट्टीच्या अलीकडे त्याच्या डाव्या पायाचा ठसा खडूने काढला आणि सांगितलं, "चेंडू गेला की हा पाय या घरात." पायाला घर मिळालं आणि धावणं थांबलं. तीच पट्टी घरच्यांसाठीही आहे. खेळाडू पट्टीजवळ गेला की आपण मागे, खुर्चीत. हात धरायचा नाही, "जोरात, जोरात" ओरडायचं नाही. आमच्याकडे आईला हे शिकायला भावापेक्षा जास्त दिवस लागले.

सूचनांचे शब्द चार ठेवा आणि ते बदलू नका. आमचे असे आहेत: थांब, बघ, झुलव, सोड. सर वेगळं बोलतात, आई वेगळं, बहीण वेगळं, असं झालं की मूल गांगरतं. सोलापुरात तर घरची भाषा हाही प्रश्न असतो. संघातल्या एकाच्या घरी तेलुगू आहे. त्याला "थांब" कळायचं, पण पाय थांबायचे नाहीत. "आगु" म्हटलं की जागीच खिळतो. मग त्याचे चारही शब्द तेलुगूत केले. कानडी घरातल्या मुलाला "निल्लु, नोडु" म्हणा. प्रशिक्षकांनी पाठ करावेत, चारच तर शब्द आहेत.

आठवड्यात तीन दिवस, दर वेळी चाळीस मिनिटं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आटपा, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडची गच्ची म्हणजे तवा. आणि नळाला पाणी येण्याचा दिवस असेल तर सराव ठेवूच नका. त्या दिवशी घरात कोणाचं डोकं ठिकाणावर नसतं.

खऱ्या लेनवरचा पहिला दिवस

लेनवर महिन्यातून एक-दोनदा गेलं तरी चालेल, पण जायला हवं. मॉलमधल्या गेमिंग झोनला जाणार असाल तर आठवड्यातली सकाळची, गर्दी नसलेली वेळ मागा. आधी एकटे जाऊन व्यवस्थापकाला भेटा आणि तीन गोष्टी विचारा: गाण्यांचा आवाज कमी होईल का, लुकलुकणारे दिवे बंद होतील का, आणि शेवटची लेन मिळेल का. दिव्यांचं गमतीत घेऊ नका. काही जणांना त्या लुकलुकण्यानेच फिट येते.

पहिल्या दिवशी खेळलंच पाहिजे असं नाही. भाऊ पहिल्यांदा गेला तेव्हा पिन पडल्याचा खडखडाट ऐकून कानांवर हात ठेवून जिन्यात जाऊन बसला. तासाभराचे पैसे भरले होते. सर म्हणाले, "बसू दे." आम्ही खेळत राहिलो. पंचवीस मिनिटांनी तो स्वतःहून आला आणि मला म्हणाला, "अक्का, सरक."

दुसरा अडसर बुटांचा. लेनवर गुळगुळीत तळाचे खास बूट घालावे लागतात, ते तिथे भाड्याने मिळतात. दुसऱ्याचे बूट घालायला भावाने साफ नकार दिला, आणि त्याचं काय चुकलं? मोजे घरून न्याच. जमलं तर स्वतःचा एक जोड घ्या. आम्ही तो आधी आठ दिवस घरात घालून फिरवला.

चेंडू ६ पाउंडांपासून १६ पाउंडांपर्यंत असतात, म्हणजे पावणेतीन किलोपासून सव्वासात किलोपर्यंत. नवख्याने ६ किंवा ८ चा घ्यावा. चेंडूला तीन भोकं असतात: अंगठा, मधलं बोट आणि करंगळीशेजारचं बोट. अंगठा जरासा घासत पण सहज बाहेर यायला हवा. अडकला तर चेंडू उशिरा सुटतो आणि मनगट दुखतं. नखं आदल्या दिवशी कापा. डाउन सिंड्रोमच्या मुलांची बोटं बऱ्याचदा आखूड आणि जाड असतात, भोकं जमतच नाहीत. मग फाउल लाइनजवळ उभं राहून, पाय फाकवून, दोन्ही हातांनी चेंडू ढकलायचा. लोक हसतात. हसू देत. नियमात बसतं.

व्हीलचेअरवरच्या किंवा हातात जोर नसलेल्या खेळाडूसाठी रॅम्प असतो. लहान मुलांच्या घसरगुंडीसारखी लोखंडी चौकट, तिच्यावर चेंडू ठेवून ढकलायचा. चेंडू वर ठेवायला मदत चालते, ढकलायचं काम खेळाडूचं. रॅम्पवाल्यांचे गट वेगळे पडतात.

लेनच्या कडेची नाली म्हणजे गटर, चेंडू तिच्यात गेला की शून्य. पोरांसाठी तिथे आडव्या पट्ट्या उभ्या करतात, त्यांना बंपर म्हणतात. पहिल्या दिवशी वाटलं तर लावा, नंतर काढा. बंपर लावून काढलेले गुण वहीत लिहू नका.

शेजारच्या लेनवर कोणी चेंडू घेऊन उभं असेल तर थांबायचं, आणि दोघं एकदम आले तर उजवीकडचा आधी. ही रीत आहे. थांबणं ही आमच्या संघातल्या सगळ्यांची अवघड गोष्ट. त्यासाठी घरीही एकाच वेळी दोघांना उभं करून "उजवीकडचा आधी" घोटून घ्या.

फुलीची गोष्ट

गुणांचं गणित मुलाला नाही आलं तरी चालतं, पडद्यावर ते आपोआप होतं. पण घरच्यांना कळायला हवं. एका खेळात दहा फ्रेम, प्रत्येक फ्रेममध्ये दोन चेंडू. दोन चेंडूंत मिळून दहाही पडले तर स्पेअर, त्यात पुढच्या एका चेंडूचे गुण जास्तीचे. समजा पहिल्या फ्रेममध्ये ७ आणि ३ पडले, पुढच्या चेंडूला ४. तर पहिल्या फ्रेमचे १४. पहिल्याच चेंडूत दहा पडले तर स्ट्राइक, आणि पुढच्या दोन चेंडूंचे गुण त्यात मिळतात. लागोपाठ बारा स्ट्राइक मारले तर ३००, यापुढे काही नाही. दहाव्या फ्रेममध्ये स्ट्राइक किंवा स्पेअर झाला तर एकूण तीन चेंडू मिळतात.

पडद्यावर स्ट्राइकची खूण असते फुली. भावाने पहिला स्ट्राइक मारला, आम्ही सगळे ओरडलो, आणि त्याने पडद्याकडे बघितलं तर तिथे मोठी फुली. त्याचा चेहरा पडला. शाळेत इतकी वर्षं फुली म्हणजे चूक! "मी काय चुकलो?" असं विचारत तो सरांकडे गेला. त्याला पटवायला दोन आठवडे गेले. घरच्या वहीत सगळ्या बाटल्या पडल्या की आम्ही लाल पेनने मोठी फुली मारून टाळ्या वाजवायचो. तुम्ही हे आधीच करा.

सरासरी खरी लिहा

स्पेशल ऑलिम्पिक्समध्ये सगळ्यांना एकाच मापाने मोजत नाहीत. आधी स्त्री-पुरुष, मग वय, मग कौशल्य बघून गट पाडतात. वयाचे टप्पे ८ ते ११, १२ ते १५, १६ ते २१, २२ ते २९ आणि ३० व त्यापुढे. एका गटात तीन ते आठ खेळाडू. पहिल्या तिघांना पदकं, चौथ्यापासून आठव्यापर्यंत फिती. बोलिंगमध्ये कौशल्याचा अंदाज सरासरीवरून घेतात, म्हणून तुमच्या वहीला फार किंमत आहे.

मी तिथेच माती खाल्ली. पहिल्या स्पर्धेच्या अर्जात सरासरीच्या रकान्यात मी भावाचा आजवरचा सर्वांत चांगला आकडा लिहिला, ११८. खरी सरासरी होती ७४. कौतुकापोटी केलं, दुसरं काय. गट सरासरीवर पडले, भाऊ कसलेल्या खेळाडूंमध्ये जाऊन पडला आणि सहावा आला. सर मला काही बोलले नाहीत, नुसती वही मागून घेतली. भाऊ फीत दंडाला बांधून आठ दिवस फिरला, तेवढंच समाधान.

काही पालक उलटी हुशारी करतात. मुलाला चाचणीत हळू खेळायला सांगतात, म्हणजे सोपा गट मिळेल. हेही करू नका. प्रत्येक फेरीत मनापासून खेळणं हा नियमच आहे, आणि चाचणीपेक्षा अंतिम फेरीतली कामगिरी फारच वर गेली तर खेळाडू बाद होऊ शकतो. त्यात मुलाला काय समजतं? अक्का म्हणाली म्हणून हळू टाकलं, आणि आता पदक नाही.

वहीत तारीख, लेन की गच्ची, गुण, एवढंच लिहा. सरासरी लेनवरच्या खेळांचीच काढा.

प्रवास आणि मुक्काम

स्पर्धा किंवा निवड चाचणी बाहेरगावी असते. पुण्याला जायचं तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस सोयीची. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या बौद्धिक दिव्यांग प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला रेल्वेच्या स्लीपर, सेकंड क्लास आणि थ्री टियर एसीत ७५ टक्के सवलत आहे. पण नुसतं यूडीआयडी दाखवून भागेल असं धरू नका. रेल्वेच्या नमुन्यातला दाखला सरकारी डॉक्टरांकडून भरून घेऊन रेल्वेचं दिव्यांग ओळखपत्र आधी काढा. सोलापूर हेच विभागाचं मुख्यालय असल्याने निदान चौकशीला लांब जावं लागत नाही. एसटीतही सवलत आहे.

मोठ्या स्पर्धेत खेळाडू प्रशिक्षकांसोबत राहतात, घरचे वेगळे. साधारण चार खेळाडूंमागे एक प्रशिक्षक. म्हणजे आंघोळ, दाढी, कपडे, गोळी मागून घेणं, रात्री उठून बाथरूम शोधणं, हे सगळं मुलाला आईशिवाय जमायला हवं. मी फोनवर पालकांना विचारते, "आजवर किती रात्री तो तुमच्याशिवाय झोपलाय?" पलीकडे शांतता. मग सांगते, चेंडू राहू दे बाजूला, आधी त्याला मामाकडे एक रात्र पाठवा. आमच्या भावाची पहिली रात्र विजापूर रोडला मावशीकडे झाली. रात्री साडेअकराला तिचा फोन आला, "झोपलाय. तुम्हीही झोपा आता."

बॅग त्यालाच भरू द्या. झाकणाच्या आतल्या बाजूला प्रत्येक वस्तूचं चित्र काढून कागद चिकटवा: मोजे, बूट, जर्सी, गोळ्यांचा डबा, टॉवेल, ब्रश, ओळखपत्राची झेरॉक्स. निघताना चित्रावर बोट ठेवत वस्तू टाकायची, परत येताना तसंच. खाऊ द्या, पण सगळ्यांना पुरेल एवढा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी चार दिवस टिकते आणि बाहेरगावची पोरं तुटून पडतात. गोळ्या मात्र बॅगेत नाही, प्रशिक्षकांच्या हातात, वेळ लिहून.

पहिल्या मुक्कामाहून भाऊ आला तेव्हा बॅग उघडून आम्ही दोघं चित्रांवर बोट ठेवत गेलो. मोजे होते, बूट होते, डबा होता. टॉवेल नव्हता. आई म्हणाली, "हरवलास?" तो म्हणाला, "दिला. माझ्या खोलीतल्या मित्राला. त्याचा छोटा होता." मित्राचं नाव विचारलं तर तेही सांगितलं, आणि त्याची सरासरीही.

आता बॅगेतल्या कागदावर टॉवेलची चित्रं दोन आहेत.